स्पितीला आला मुराळी

स्पितीला कसं जायचं, हे मोताळ्यात माझ्याइतकं कोणालाच माहीत नाही. कोणता घाट कोणत्या महिन्यात उघडतो, काझ्याहून लांगझाला जीप कुठून निघते, कोणत्या गावात कोणाच्या घरी झोपायला गादी आणि जेवायला डाळभात मिळतो, सगळं तोंडपाठ. आठ महिने मी दुसरं काही केलंच नाही. पण लांगझाच्या पुढचं मला विचारू नका. ते माझ्या मुलाला विचारा, तो जाऊन आला.

मी सुनंदा. मोताळ्याला बसस्टँडजवळ माझं दुकान आहे. आधी एसटीडी आणि झेरॉक्स होतं, आता ऑनलाइन म्हणतात. आधारची दुरुस्ती, पीकविम्याचा फॉर्म, पोरांचे प्रवेश आणि रेल्वेचं रिझर्व्हेशन. अर्ध्या तालुक्याला काशी आणि तिरुपती मी दाखवली, खुर्चीवर बसून. नाव सांगा, वय सांगा, गुडघे दुखतात का, खालचा बर्थ पाहिजे का. बावीस वर्षं हे विचारता विचारता एक दिवस डोक्यात आलं, की एकट्या बाईचं तिकीट मी कधी काढलंच नाही. बाई असली की तिच्या खालच्या ओळीत एक पुरुष असतोच, निदान नातू तरी.

माझंही तेच. माहेर मेहकरकडे, हिवरा आश्रमाजवळच्या एका खेड्यात. मोताळा ते मेहकर म्हणजे काही विलायत नाही, बुलढाण्याला गाडी बदलली की चार तासांत दारात. पण लग्नाच्या सव्वीस वर्षांत ते चार तास मी एकटीनं केलेले नाहीत. आमच्याकडे लेकीला सासरहून आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. आधी बाप यायचा, मग भाऊ. भावाला पिकाच्या सोंगणीतून, कापणीतून सवड नसली तर चुलतभाऊ. एकदा कोणीच मोकळं नव्हतं, तर ओळखीच्या कंडक्टरच्या स्वाधीन केलं होतं मला, आणि त्यानं चिखलीला चहा पाजून माझी पोच भावाला फोनवर कळवली होती. नव्या नवरीला हे गोड वाटतं. चाळिशीत त्याची चीड यायला लागते.

मोताळा, जानेवारी ते मार्च

डोंगर मी ठरवूनच उघडे निवडले. लोक हिरवं पाहायला कोकणात जातात, केरळला जातात. मला हिरवं नको होतं. आमचा अजिंठ्याचा डोंगर होळीनंतर पार टकला होतो, तेव्हाच तो मला आवडतो. कुठं दगड आहे, कुठं उतार आहे, सगळं दिसतं, कोणी काही झाकत नाही. मोबाइलवर स्पिती पाहिलं आणि वाटलं, हा तर आपलाच डोंगर, फक्त आभाळात नेऊन ठेवलेला. झाड नाही, गर्दी नाही. पाठीवर बॅग घ्यायची, लांगझाहून निघायचं, कोमिक, डेमुल, लालुंग करत पाच दिवसांत धनकरला पोचायचं. गावातून गावात, रात्री कोणाच्या तरी घरी मुक्काम.

नवऱ्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान माझ्या दुकानाला लागूनच आहे. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी येतात, तो त्यांत नवी तार भरतो. तार भरताना तो वर पाहत नाही, म्हणून मी तीच वेळ साधली.

"एकटी?" तो म्हणाला.

"हो."

"कोनत्या देवाले?"

"देवाला नाही. चालायला."

"चालाले तं वावर हाये न आपलं. पराटीत चाल, तन बी निंगन."

म्हणजे कपाशीत चालायचं आणि चालता चालता तण काढायचं. तो वाईट माणूस नाही. त्याला खरोखरच प्रश्न पडला होता. पुढचे पंधरा दिवस त्यानं विषय काढला नाही, मीही नाही, आणि घरात भाकरी थापल्याचा आवाज तेवढा येत होता. मग एका सकाळी चप्पल घालता घालता म्हणाला, "मी काई नाही म्हनत नाही. जाय. पन आनाले याची पाळी आनू नको. आली का मंग पुढं कधी नाव काढाचं नाही."

"नाही आणणार," मी म्हटलं.

एवढाच करार. कोणी आणायला न येता जाऊन परत यायचं. मग पुढच्या वर्षी कुठंही जाता येईल, आणि आलं कोणी, तर संपलं. लोकांना हे किरकोळ वाटेल. मला त्या आठ महिन्यांत दुसरं काही दिसत नव्हतं.

माझ्या बाजूनं एकच माणूस होता, माझा मुलगा तेजस. पुण्याला कंपनीत आहे. पुण्याला गेल्यापासून त्यानं मले-तुले सोडलं, आता मला-तुला बोलतो, मित्रांसमोर माझा फोन आला तर बाहेर जाऊन घेतो. पण या बाबतीत पोरगं पक्कं होतं. "मम्मी, तू जा. कोणाचंही ऐकू नकोस," म्हणाला. बॅग त्यानंच पाठवली, बूट त्यानंच मागवले. त्या दिवशी मला आपल्या पोटी हिरा आला असं वाटलं होतं.

समोर वेणूबाई भाजी घेऊन बसते. मी दुकानात बॅग पाठीवर घालून पाहत होते तेव्हा ती उठून आली, पट्टे ओढून पाहिले, आणि म्हणाली, "काऊन वो बाई, एवढं मोठं पोतं? घर सोडून चालली का काय?"

"परत येणार आहे."

"मंग जातेच काऊन?"

वेणूबाईला उत्तर देणं मी केव्हाच सोडलंय.

तयारी मी दुकानदारासारखी केली. प्रत्येक दिवसाचा कागद. किती अंतर, चढ किती, ओढा कुठं, कोणत्या घरात मुक्काम, फोनला रेंज कुठं लागते. सगळं हातानं लिहिलं, तीन झेरॉक्स काढल्या, मुख्य कागद लॅमिनेट केला. वर उंचावर हवा विरळ असते म्हणून वाटेत कुठं किती दिवस थांबायचं तेही लिहिलं. इतका चोख आराखडा मी कोणाच्या काशीचाही केला नव्हता. त्यात एकच गोष्ट मी लिहिली नाही, कारण ती लिहायची असते हे मला माहीतच नव्हतं.

आमच्या दुकानांच्या ओळीत बायांसाठी सोय नाही. त्यामुळे मी सकाळी घरून निघताना पेलाभर पाणी पिते आणि मग थेट संध्याकाळी घरी गेल्यावर. वेणूबाई दिवसभर मेथीवर पाणी मारते आणि स्वतः घोटभर पीत नाही. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. उलट जी बाई दिवसभर पाणी न मागता बसते ती घट्ट, असं आम्ही समजतो. शिवाय उन्हाळ्यात नळाचा नेम नसतो, तेव्हा घरात पाणी पुरवून वापरणारी बाई म्हणजे शहाणी बाई. ही दोन्ही प्रशस्तिपत्रकं माझ्याकडे होती.

राजूर घाट, एप्रिल

सरावासाठी मी राजूर घाट निवडला. मोताळ्याहून बुलढाण्याला जाताना हा घाट लागतो. बॅगेत दहा किलो सोयाबीन भरलं, डोक्याला पांढरा दुपट्टा बांधला, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा टाकला, आणि राजूरला एसटीतून उतरून पायी वर निघाले. सकाळचे सात वाजले होते तरी रस्ता तापायला लागला होता.

पहिली मोटारसायकल थांबली. "मॅडम, गाडी हुकली का? बसा, सोडतो." दुसरी थांबली. "काई झालं का वो ताई?" तिसरा ओळखीचा निघाला, त्याच्या मुलीचा फॉर्म मी भरला होता. त्याला मी सांगितलं, मी मुद्दाम चालतेय, सराव आहे. त्यानं गाडी बंद केली आणि म्हणाला, "सायबाशी भांडन झालं का?"

आमच्याकडे बाई घाटात पायी दिसली की दोनच कारणं. नवस, नाहीतर भांडण. तिसरं कारण कोणी ऐकलेलं नाही. त्या भल्या माणसानं पुढं जाऊन माझ्या नवऱ्याला फोन लावला. मी घाम पुसत घाटमाथ्याला पोचले तर नवरा तिथं गाडीला टेकून उभा. रागानं नाही, काळजीनंही नाही. नुसता उभा, आणायला आल्यासारखा. मी गाडीवर बसले, कारण लोक पाहत होते.

घरी येऊन बाटली पाहिली. दोन लिटर नेलं होतं, दीड लिटर परत आणलं. मी ते फोनवर तेजसला अभिमानानं सांगितलं. तोही म्हणाला, "भारी, मम्मी." आम्हा दोघांनाही अक्कल नव्हती.

लांगझा, सप्टेंबर

गाड्यांचं रामायण सांगत नाही. भुसावळ, दिल्ली, सिमला, आणि मग नदीच्या काठाकाठानं तीन दिवस बस. सगळीकडे मी एकटीच्या नावावर, आणि कोणी काही म्हटलं नाही. दिल्लीच्या गाडीत एका बाईनं विचारलं, "अकेली?" मी "हाँ" म्हटलं, आणि तिनं मला अर्धा पराठा दिला. मला वाटलं होतं जग अडवील. जगाला काही पडलेली नव्हती. अडवणारी माणसं मोताळ्यातच राहतात आणि ती सगळी माझ्या ओळखीची आहेत.

काझ्याला दोन दिवस थांबून जीपनं लांगझाला पोचले. डोंगरउतारावर चुन्यानं रंगवलेली घरं, छपरांवर वाळत टाकलेला चारा, मागं बर्फाचा सुळका, आणि बाकी सगळं भाजलेल्या मातीचं. मला कोणी काही दाखवायची गरज पडली नाही. मी बॅग खाली ठेवली आणि उभीच राहिले. छाती धडधडत होती, उंचीनं म्हणा नाहीतर आनंदानं. पन्नाशीला आलेली बाई मी, तिथं मला शाळेतून पळून आल्यासारखं वाटत होतं.

आंगमो नावाच्या बाईच्या घरी उतरले. माझ्याच वयाची, गालांना ऊन लागून तांबूस डाग पडलेले. सकाळी एकटी दोन गाढवं घेऊन जवाच्या शेतावर जायची, संध्याकाळी पेंढ्या लादून यायची. शेत एवढं लांब, की घरातून ठिपकाही दिसत नव्हता. तिच्या मागे कोणी फोन करत नव्हतं. तिनं मला जवाचं भाजलेलं पीठ खारट चहात कालवून दिलं. आमचं सातूचं पीठच की, फक्त गुळाऐवजी लोणी. मी तिला माझी शेंगदाण्याची चटणी दिली, ती तिनं चहाबरोबर खाल्ली. तिथला संडास कोरडा असतो, वरून मातीचं फावडं टाकायचं, पाणी लागतच नाही. हे आम्हाला बुलढाण्यात का सुचलं नाही, याचा मी बराच विचार केला.

"तुम्हारे यहाँ औरत अकेली नहीं जाती?" तिनं विचारलं.

"जाती है," मी म्हटलं. "फिर कोई लेने आता है."

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय.

तिच्याकडे पाहुण्यांची वही होती. नाव, गाव, वय, आणि शेवटच्या रकान्यात, काही झालं तर कोणाला कळवायचं. हा रकाना मी आयुष्यात हजारो बायांचा भरलाय आणि दर वेळी नवऱ्याचा नंबर टाकलाय. हात आपसूक गेला. लिहून झाल्यावरही माझ्या काही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी भरल्या बॅगेनं गावामागच्या कुरणावर चढून आले. सराव म्हणून. दिवसभर चालले, आणि खरं सांगते, इतकं चांगलं मला कधीच वाटलं नव्हतं. घाम येत नव्हता. तिथं घाम दिसतच नाही, वरच्या वर सुकतो, हे मला नंतर कळलं. तहान लागली की मी मनात म्हणायचे, थांब जरा. तशी सवयच आहे. दुपार कलताना आंगमोच्या अंगणात आले, बॅग उतरवली, आणि अंगण उभंच माझ्या अंगावर आलं.

काझा

आंगमोनं शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून मला खाली काझ्याच्या दवाखान्यात आणलं. सलाइन लावलं. डॉक्टर तरुण होता, थकलेला, पण बोलायला नीट.

"पानी कितना पिया आज?"

"आधा लिटर," मी म्हटलं.

"ख़त्म हो गया था?"

"नहीं. बैग में है. बचाया."

त्यानं लिहिता लिहिता वर पाहिलं. "किसके लिए?"

मोताळ्यात हा प्रश्न कोणी विचारलाच नसता. डॉक्टर म्हणाला, बाकी काही नाही, उंचीचा त्रास नाही, छाती साफ आहे. दोन दिवस आराम, दिवसाला चार लिटर पाणी, मग खुशाल जा. मी आंगमोच्या बहिणीकडे राहिले आणि पाणी प्यायले. पहिल्या दिवशी ते औषधासारखं गिळावं लागलं. सारखं उठावं लागायचं, आणि प्रत्येक वेळी मला आपण काहीतरी उधळतोय असं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरनं जायला सांगितलं. मी खुशीत नवऱ्याला फोन लावला, की मी ठीक आहे, थोडं बरं नव्हतं, आता पुढं निघते.

"मालूम हाये," तो म्हणाला. "त्या बाईनं फोन केल्ता परवाच. तेजस निंगला."

"कुठं निघाला?"

"तुले आनाले."

मी सांगितलं, त्याला परत फिरव, मी चांगली आहे, डॉक्टरांनी सोडलंय. तो म्हणाला, "आता पोरगं चंदीगडच्या पुढं गेलं. सुट्टी टाकून गेलं बिचारं." आवाजात जिंकल्यासारखं काही नव्हतं. तसं असतं तर मी भांडले असते.

आंगमोला मी काय बोलणार? तिनं वही पाहिली आणि वहीत होता तो नंबर लावला. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

पुन्हा लांगझा

मी हिशोब केला. तेजसला यायला अजून दीड दिवस. मी त्याच दिवशी लांगझाला गेले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोमिकला निघाले, तर तो पोचेपर्यंत मी पुढं असणार. मग तो माझ्यामागे येऊ देत धनकरपर्यंत. मी धनकरला आधी पोचले तर आणायला आला असं कोण म्हणेल? पोरगं भेटायला आलं, एवढंच. मनाशी हे ठरवताना मला हसू येत होतं.

लांगझाला रात्री झोप छान लागली. सकाळी उठले, बाटल्या भरल्या, वाटेत कुठं भरायच्या तेही या वेळी लिहिलं. बॅग पाठीवर चढवली. ऊन नुकतं सुळक्यावर आलं होतं. कोमिकचा रस्ता अंगणातून दिसत होता, डोंगराच्या कडेनं वर गेलेला, एकही माणूस नसलेला. आंगमो गाढवं सोडत होती.

"बेटा आज आएगा न?" ती म्हणाली.

"हाँ, शाम तक."

"अच्छा," एवढंच म्हणून ती गाढवांमागं गेली. थांब म्हणाली नाही. कोणीच म्हणालं नाही.

मी फाटकापर्यंत गेले. आणि मग डोक्यात सुरू झालं. पोरगं तीन दिवस गाडीत आहे. वर आल्यावर डोकं दुखतं, त्याला कोणी सांगितलं असेल का? आंगमो शेतावर, घराला कुलूप, तो बाहेर बसून राहील. सकाळपासून काही खाल्लं नसेल, त्याला खारट चहा आवडणार नाही. असं एकामागून एक. मग बॅग उतरवली आणि भिंतीला लावून ठेवली. चुलीवर त्याच्यासाठी खिचडी टाकली.

नवऱ्याला, घाटातल्या त्या माणसाला, सगळ्यांना मी नावं ठेवली. इथं ठेवायला माझ्याशिवाय दुसरं नाव नाही.

तेजस चारला आला. डोकं दुखत नव्हतं, काही नाही, टवटवीत. मला मिठी मारली, म्हणाला, "किती घाबरवलंस गं." खिचडी दोनदा घेतली. मी त्याला सांगितलं, मी उद्या निघते, तू इथं थांब किंवा खाली जा.

"वेड लागलंय का? पप्पांना शब्द दिलाय, तुला एक पाऊलही वर जाऊ देणार नाही."

"डॉक्टरनं सोडलंय मला."

"डॉक्टर पप्पांना उत्तर देणारे का?"

"मग सोबत चल," मी म्हटलं. एवढ्या खाली उतरले मी. एकटीचं सोडलं, करार सोडला, नुसतं चालायला मिळू दे.

"नाही म्हणजे नाही, मम्मी. पुन्हा पडलीस तर?" मग तो बाहेर गेला, कोमिकच्या रस्त्याकडे बराच वेळ पाहत राहिला, आणि आत येऊन म्हणाला, "कसलं भारी आहे गं इथं. माझी सुट्टी आहे अजून सहा दिवस. आलोच आहे तर मी करून येतो. तुझे पाच दिवस आहेत, मी तीनात करीन. तू काझ्याला आराम कर, मी धनकरहून बसनं येतो, मग सोबत घरी जाऊ."

त्याच्या मनात काळं काही नव्हतं, हे मी आई म्हणून सांगते. त्याला रस्ता दिसला आणि जावंसं वाटलं. जे मला वाटायला पन्नास वर्षं लागली ते त्याला चहा पिता पिता वाटलं, आणि सकाळी तो निघालासुद्धा. माझी बॅग घेऊन, कारण त्याची ऑफिसची होती. माझा लॅमिनेट केलेला कागद घेऊन. मीच त्याला समजावून सांगितलं, ओढा कुठं आहे, वाट कुठं चुकते, डेमुलला कोणाच्या घरी उतरायचं. पाणी पीत राहा, दर अर्ध्या तासानं, तहान लागो न लागो. तो मान हलवत होता. मी फाटकात उभी राहून तो वळणाआड जाईपर्यंत पाहिलं.

काझा, तीन दिवस

लांगझाच्या पुढं कसं आहे, ते मी ऐकून सांगते. कोमिकनंतर कडा चढून गेलं की पठार लागतं, वारा उभं राहू देत नाही. डेमुलला आल्यावर गावच्या बायांनी त्याला वाटीभर दही दिलं. लालुंगच्या वाटेवर निळी मेंढरं दिसली, रानटी, कड्यावर उभी. धनकरला गुंफा, म्हणजे बौद्धांचा मठ, मातीच्या सुळक्यांवर बांधलेला आहे, खाली दोन नद्या मिळतात, आणि वर एक तळं आहे. त्यानं तळ्याचे पुष्कळ फोटो काढले. चांगले आहेत. आता मोताळ्यात कोणी विचारलं तर मी तेच दाखवते, आणि लोक म्हणतात, पोरगं मायला आणायला गेलं आणि केवढं चालून आलं. नवरा काही म्हणत नाही. दिलेला शब्द तो मोडत नाही, मलाही मोडू देत नाही.

मी त्या तीन दिवसांत काझ्याच्या बाजारातून हिंडले. वेणूबाईसाठी लोकरीचे मोजे घेतले. बाकी पाणी पीत बसले. तब्येत इतकी ठणठणीत होती की स्वतःची लाज वाटत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं तेजस आला. नाकाची सालं निघालेली, टाचांना फोड. गादीवर आडवा पडला. मी तेल कोमट करून त्याचे पाय चोळायला घेतले. थकला की त्याचं पुणं उतरतं आणि तो आमच्यासारखा बोलतो.

"मम्मी, काईच अवघड नोतं वो," डोळे मिटून म्हणाला. "तुले आरामात जमलं असतं."

मी चोळत राहिले. मग विचारलं, "मंग जाऊ काऊन नाही देल्लं?"

त्यानं डोळे उघडले. त्याला खरंच नवल वाटलेलं दिसलं.

"मी काय तुले बांधून ठेवनार होतो का? पप्पाले काई बी सांगता आलं असतं. मी आलो तं तू बॅग उतरून, खिचडी टाकून बसली होती. मले वाटलं, तुहंच मन नाही आता."

मी हात पुसले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. समोर सगळा उघडा डोंगर, संध्याकाळचा तांबडा झालेला. आत माझं पोरगं घोरायला लागलं होतं. मला त्याचा हेवा वाटत होता, पोटच्या पोराचा, आणि तो अजूनही वाटतो.